गुण कोणाशी ताडायचे? ग्रामीण विदर्भात स्मृतिचाचण्या घेणाऱ्या नवोदितांसाठी मार्गदर्शक

एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) ही स्मृती व आकलन तपासणारी ३० गुणांची चाचणी मार्शल फोलस्टीन, सुसान फोलस्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी १९७५ साली प्रसिद्ध केली आणि २४ पेक्षा कमी गुण पडले तर स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी, असा संकेत पुढे जगभर रूढ झाला. समजा, दर्यापूर तालुक्यातील एका गावात शाळेची पायरीही न चढलेल्या, पंचाहत्तरी गाठलेल्या आजींना या चाचणीत २२ गुण मिळाले आणि त्याच गावच्या सेवानिवृत्त मुख्याध्यापकांना २६ मिळाले. संकेत जसाच्या तसा लावला, तर आजींच्या हाती मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी पडेल आणि गुरुजी निर्धास्तपणे घरी जातील. मात्र १९९३ साली अमेरिकेतील १८,०५६ प्रौढांच्या गुणांची जी आकडेवारी प्रसिद्ध झाली, तिच्यात शून्य ते चार वर्षे शाळा झालेल्यांचा मध्यक (निम्मे ज्याच्या वर आणि निम्मे खाली, तो गुण) २२, पाच ते आठ वर्षे झालेल्यांचा २६ आणि नऊ किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांचा २९ होता. त्या हिशेबाने आजी आपल्यासारख्या माणसांच्या बरोबर मध्यावर आहेत आणि गुरुजी मात्र आपल्या बरोबरीच्यांच्या मध्यकाहून तीन गुणांनी खाली आहेत. काळजीने पाहायचे असेल, तर आधी गुरुजींकडे पाहावे लागेल.

हे आकडे अमेरिकेचे आहेत आणि ते विदर्भात कट-ऑफ म्हणून वापरायचे नाहीत. त्यांतून घ्यायची ती फक्त दिशा. वय, शिक्षण, लिंग, भाषा अशा गोष्टींचा गुणांवर जो परिणाम होतो, तो हिशेबात घेऊन गुणांचा अर्थ लावणे याला लोकसांख्यिक समायोजन म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकारी आणि क्षेत्रकार्यासाठी गावात येणारे मानसशास्त्राचे व समाजकार्याचे विद्यार्थी यांना हे काम कोणत्या क्रमाने करावे, हे समजावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. निदान करणे हे तज्ज्ञाचे काम आहे आणि पुढील कोणत्याही पायरीने ते आपल्याकडे येत नाही.

पहिली पायरी: चाचणी कोणत्या प्रश्नासाठी घेतो आहोत, ते लिहून ठेवणे

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि पुढचा सगळा घोळ येथूनच सुरू होतो. एकाच माणसाच्या गुणांना आपण निदान तीन वेगवेगळे प्रश्न विचारू शकतो. या व्यक्तीची स्मृती पूर्वी होती त्याहून खालावली आहे काय, हा पहिला प्रश्न. पूर्वीचे गुण आपल्यापाशी नसतात, म्हणून त्याच वयाच्या व तेवढ्याच शिकलेल्या निरोगी माणसांचे गुण आपण त्यांच्या जागी धरतो. समायोजन हवे ते येथे. दुसरा प्रश्न असा की, ही व्यक्ती आज रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या स्वतः वेळेवर घेऊ शकेल काय, किंवा बँकेच्या कागदावर अंगठा देताना तो कशासाठी आहे, हे तिला समजेल काय. येथे समायोजित गुणांचा उपयोग नाही, कारण अक्षरओळख नसलेल्या माणसाला गोळ्यांच्या पाकिटावरचे वाचता येत नाही आणि त्याच्यासारखे इतर अनेकांनाही ते येत नाही, या माहितीने त्याच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जाणार नाहीत.

तिसरा प्रश्न सर्वेक्षणाचा आहे: एकूण लोकांपैकी किती जणांना स्मृतिभ्रंश असावा? देशात साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज लासी-डॅड या राष्ट्रीय अभ्यासावरून मांडला गेला. प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा आणि खेड्यांत शहरांपेक्षा अधिक आढळले. शिक्षण कमी असणे हा स्मृतिभ्रंशाचा एक जोखमीचा घटकही मानला जातो. यात खरी अडचण आहे. कमी शिक्षणामुळे चाचणीतले गुण कमी येतात, तसाच आजाराचा धोकाही वाढतो, आणि शिक्षणाचा परिणाम गुणांतून पूर्णपणे वजा केला तर त्याबरोबर धोक्याचा काही भागही वजा होऊन जाण्याची भीती असते. याच कारणाने समायोजन किती करावे, याबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. माझ्या मते गावपातळीवरील व्यक्तीच्या तपासणीत समायोजन करावेच, कारण ते न केल्यास निम्मे गाव आजारी ठरते आणि तपासणीवरचा विश्वास उडतो. परंतु कच्चे गुण खोडून त्यांच्या जागी समायोजित गुण लिहू नयेत. दोन्ही शेजारी-शेजारी लिहावेत.

दुसरी पायरी: वय खरे किती, ते शोधणे

आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी दिसली, की ती अंदाजाने टाकलेली असण्याची शक्यता धरून चालावे. घटनांच्या आधाराने वय काढण्याची रीत जनगणनेच्या कामात जुनी आहे आणि ती येथे चांगली चालते. गांधीजी गेले (३० जानेवारी १९४८), नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली (१४ ऑक्टोबर १९५६), महाराष्ट्र राज्य झाले (१ मे १९६०), बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, यांपैकी जी घटना त्या घराच्या आठवणीत आहे, ती धरून ‘तेव्हा तुम्ही केवढे होता, लग्न झाले होते काय, पहिले मूल केवढे होते’ असे विचारत जावे. बौद्ध वस्तीत दीक्षेचे वर्ष हा फार पक्का खुंटा ठरतो. उत्तर स्वतः त्या व्यक्तीकडून आणि तिच्या भावंडाकडून किंवा समवयस्काकडून असे दोन्ही बाजूंनी घ्यावे, कारण जिची स्मृती तपासायची, तिच्याच स्मृतीवर वय ठरवणे बरे नव्हे.

इतके करूनही तीन-चार वर्षांचे अंतर राहतेच. मानकांची, म्हणजे तुलनेसाठी जमवलेल्या गटवार गुणांची, कोष्टके बहुधा ६०-६९, ७०-७९ अशा वयोगटांत असतात, आणि ६९ व्या वर्षी जे गुण कमी समजले जातात, तेच ७० व्या वर्षी पुरेसे ठरतात. वय सीमेवर असेल तेव्हा दोन्ही गटांतून गुण काढून पाहावेत. दोन्हीकडे निष्कर्ष एकच येत असेल तर प्रश्न मिटला. वेगळा येत असेल तर तसे अहवालात स्पष्ट लिहावे.

तिसरी पायरी: शिक्षण विचारणे

फॉर्मवर ‘शिक्षणाची वर्षे’ असा एकच रकाना असतो आणि त्या रकान्यात ग्रामीण विदर्भातील सत्तरीच्या माणसाचे शिक्षण मावत नाही. ‘जुनी चौथी’ झालेले आजोबा एकशिक्षकी शाळेत आठव्या वर्षी गेले असतील, कापूस वेचण्याच्या दिवसांत घरी राहिले असतील आणि चार इयत्तांना त्यांनी सहा वर्षे घेतली असतील. ‘सातवी फायनल’ झालेला माणूस त्या काळी गावात शिकलेला समजला जाई आणि पत्रे लिहिण्या-वाचण्याचे काम त्याच्याकडे येई; आजच्या सातवीशी त्याची गाठ घालणे योग्य होणार नाही. उलट शाळेत नावच न घातलेल्या काही बाया २ ऑक्टोबर १९७८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाच्या वर्गात बसून, किंवा भजनी मंडळात पोथी ऐकता-ऐकता वाचायला शिकल्या. रकान्यात त्यांच्यापुढे शून्य येते.

म्हणून चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात: शेवटची उत्तीर्ण इयत्ता, प्रत्यक्ष शाळेत गेलेली वर्षे, आज वाचता येते काय, आणि आज लिहिता येते काय. शेवटच्या दोन गोष्टी विचारून थांबू नये, करवून पाहाव्यात. एसटीच्या पाटीवरचे गाव, बाजार समितीतील काटापट्टी, लग्नपत्रिका, यांपैकी जे हाताशी असेल ते वाचायला द्यावे. सही येते म्हणजे लिहिता येते, असे समजू नये. अनेकांनी बँकेपुरती सही चित्रासारखी गिरवून पाठ केलेली असते. हे सारे करताना परीक्षा घेतल्याचा सूर लागू देऊ नये. ‘शिकले नाहीत काय?’ असे विचारले, की समोरची आजी पदर सावरून ‘आमी अडानी मानसं, आमाले काय समजते’ म्हणते, आणि तेथून पुढचे प्रत्येक उत्तर ‘माहीत नाही’ असे येऊ लागते. त्या ‘माहीत नाही’चे गुण कोणत्याही कोष्टकाने भरून निघत नाहीत.

शाळेच्या वर्षांपेक्षा वाचनाची प्रत्यक्ष पातळी अधिक बोलकी असते, याला आधार आहे. अमेरिकेत वृद्धांवर झालेल्या अभ्यासात केवळ शाळेची वर्षे जुळवूनही कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय गटांतील गुणांचे अंतर टिकून राहिले होते. वाचनाची पातळी हिशेबात घेतल्यावर त्यातील बराचसा भाग गळून पडला. वर्षे तेवढीच असली, तरी त्या वर्षांत मिळालेले शिक्षण सारखे नव्हते, हे त्याचे कारण. मेळघाटातील आश्रमशाळेची चार वर्षे आणि अमरावती शहरातील नगरपालिकेच्या शाळेची चार वर्षे यांबाबतही हाच प्रश्न उभा राहतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिक्षणाचा गुणांवरील परिणाम सरळ रेषेत वाढत नाही. शून्यापासून चौथीपर्यंतचे अंतर फार मोठे असते आणि बारावी ते पदवी हे त्या मानाने किरकोळ. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोका (मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) या अशाच ३० गुणांच्या चाचणीत बारा किंवा त्याहून कमी वर्षे शिकलेल्यांना सरसकट एक गुण वाढवून देण्याचा नियम होता. त्या नियमात बारावी झालेले तलाठी आणि कधीच शाळेत न गेलेली शेतमजूर स्त्री या दोघांना तोच एक गुण मिळतो. कॅनडात रचलेल्या चाचणीला तो पुरत असेल, येथे पुरत नाही. कमी शिकलेल्यांसाठी पुढे मोका-बेसिक ही निराळी आवृत्ती काढावी लागली, ती याच कारणाने.

चौथी पायरी: समायोजनाने जे सुटणार नाही, ते चाचणी निवडतानाच सोडवणे

समायोजन हा गुण मिळाल्यानंतरचा उपाय आहे आणि चुकीची चाचणी घेतली असेल तर तो फारसा उपयोगी पडत नाही. समजा, घड्याळाचे चित्र काढण्याच्या दहा गुणांच्या चाचणीत निरक्षर वृद्धांची सरासरी २ आहे आणि प्रमाण विचलनही (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत, त्याचे माप) २ आहे. मग शून्य गुण मिळवणारी व्यक्तीदेखील सरासरीपेक्षा केवळ एका प्रमाण विचलनाने खाली राहते. निरोगी आणि आजारी दोघेही तळाला टेकलेले असतात आणि कोष्टक मात्र सर्वांनाच ‘ठीक’ म्हणते. पायलीने चिमूटभर मीठ मोजता येत नाही, तसेच हे आहे. अशी चाचणी बाजूला ठेवावी.

ज्यांनी कधी पेन धरले नाही, त्यांच्यासाठी चित्र काढणे, अक्षरावरून शब्द सांगणे, अंक व अक्षरे आळीपाळीने जोडणे ही कामे स्मृतीपेक्षा शाळेचीच परीक्षा घेतात. निरर्थक शब्द ऐकून पुन्हा उच्चारणेही निरक्षरांना जड जाते, आणि कागदावरील रेखाचित्र पाहून वस्तूचे नाव सांगणे हे तीच वस्तू हातात देऊन विचारण्यापेक्षा त्यांना अवघड वाटते, असे पोर्तुगालमधील अभ्यासांत दिसून आले आहे. तेथेच असेही आढळले, की एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगायला लावली तर शिकलेले पुढे जातात, पण बाजारात मिळणारे खाण्याचे जिन्नस सांगायला लावले तर हे अंतर जवळजवळ उरत नाही.

भारतात या दिशेने झालेले मोलाचे काम म्हणजे हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, अर्थात एचएमएसई. हरियाणातील बल्लभगढ परिसरात, ग्रामीण व बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी ती तयार करण्यात आली आणि १९९५ साली प्रसिद्ध झाली. ‘डोळे मिटा’ ही लिखित सूचना वाचून कृती करण्याऐवजी तपासणारा जसे डोळे मिटतो तसे करून दाखवणे, वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी बोलून सांगणे, इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटी सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलट क्रमाने सांगणे, असे बदल तिच्यात आहेत. लासी-डॅडमध्येही ती वापरली गेली. मात्र हिंदी चाचणीचे स्वतःच मराठी भाषांतर करून तिची हिंदी मानके लावू नयेत. भाषांतर आणि प्रमाणीकरण झालेली आवृत्ती मिळवावी आणि ती कोणती आवृत्ती आहे, ते फॉर्मवर लिहावे.

भाषेचा प्रश्न विदर्भात मराठी या एका नावाखाली संपत नाही. वऱ्हाडी आणि झाडीबोली बोलणारे वृद्ध प्रमाण मराठीतील सूचना समजून घेतात, परंतु उत्तर आपल्या बोलीत देतात; ‘कोनता वार हाय आज?’ असे विचारले तर गुण बदलत नाहीत, भीती मात्र कमी होते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया, यवतमाळकडे कोलामी, वाशीम-यवतमाळच्या तांड्यांवर गोरमाटी, गोंदिया-भंडाऱ्याकडे पोवारी अशा घरच्या भाषा आहेत आणि त्यांतील कोरकू, गोंडी, माडिया व कोलामी यांचे कूळच मराठीहून वेगळे आहे. अशा घरातील वृद्धाची चाचणी नातवाला दुभाषी करून घेतली असेल, तर मराठी मानके त्या गुणांना लागू होत नाहीत. गुण नोंदवावेत, पण त्यांचे टी-गुण (सहाव्या पायरीत सांगितलेले समायोजित गुण) काढू नयेत. नातवाला आजोबांच्या मदतीला धावून जाण्याचा मोहही आवरत नाही, तेव्हा दुभाषी शक्यतो घराबाहेरचा असावा.

स्थळकाळाच्या प्रश्नांत काही स्थानिक खाचखळगे आहेत. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून, वाशीम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून आणि गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निघाला. आरमोरीकडचे आजोबा जिल्हा ‘चांदा’ सांगत असतील तर ते चुकले असे लिहिण्यापूर्वी त्यांच्या पिढीत लोक तसेच म्हणत आले आहेत काय, हे पाहावे. तारखेऐवजी तिथी, इंग्रजी महिन्याऐवजी श्रावण-भादवा, वाराऐवजी ‘बाजाराच्या दुसऱ्या दिवशी’ अशी उत्तरे येतात. पुस्तिकेत जे सांगितले असेल त्याप्रमाणेच गुण द्यावेत, कारण मानकेही तशाच गुणांवरून तयार झालेली असतात. पण मिळालेले उत्तर शब्दशः शेजारी लिहून ठेवावे. स्वतःच्या मनाने दयेचे गुण वाढवणे आणि नंतर पुन्हा समायोजन करणे, ही चूक सहृदय माणसांकडूनच अधिक होते.

पाचवी पायरी: मानकांच्या कोष्टकाची उलटतपासणी

कोष्टक वापरण्याआधी त्याच्या टिपा वाचाव्यात. माणसे कुठली होती, शहरातील रुग्णालयात आलेली की गावातील. किती साली तपासली होती. त्यांतून स्मृतिभ्रंशाचे रुग्ण वगळले होते काय. वगळले नसतील तर ऐंशीच्या पुढच्या गटाची सरासरी आजारानेच खाली आलेली असते आणि आजारी माणूस तिच्याशी ताडल्यावर सामान्य दिसतो. आपल्याला हव्या त्या चौकटीत, उदाहरणार्थ ७५ वर्षांवरील निरक्षर स्त्रिया, किती जणी होत्या हेही पाहावे. बारा-पंधरा जणींच्या सरासरीवर एखाद्याचे भवितव्य टांगू नये. तसेच मोकाचा एक गुण आधीच वाढवून मग सरासरी काढली आहे, की कच्च्या गुणांची सरासरी आहे, ते तपासावे. नाहीतर शिक्षणाचे समायोजन दोनदा होते.

सहावी पायरी: प्रत्यक्ष हिशेब

हिशेब सोपा आहे. व्यक्तीच्या गुणांतून तिच्यासारख्यांच्या गटाची सरासरी वजा करावी आणि उत्तराला त्या गटाच्या प्रमाण विचलनाने भागावे. हा झेड-गुण झाला. त्याला दहाने गुणून पन्नास मिळवले की टी-गुण मिळतो. पुढील आकडे हिशेब समजावा म्हणून कल्पिलेले आहेत. दहा शब्द ऐकवून वीस मिनिटांनी किती आठवतात, या चाचणीत एका आजींना ३ शब्द आठवले. सत्तरीवरील निरक्षर स्त्रियांची सरासरी ४.२ आणि प्रमाण विचलन १.६ असेल, तर झेड-गुण उणे ०.७५ आणि टी-गुण सुमारे ४३ येतो. शंभरातील तेविसाच्या आसपास त्यांच्याहून खाली असतात. तेच ३ शब्द त्याच वयाच्या मॅट्रिक झालेल्या स्त्रीला आठवले आणि तिच्या गटाची सरासरी ६.२ व प्रमाण विचलन १.५ असेल, तर झेड-गुण उणे २.१३ आणि टी-गुण २९ येतो. तिच्याहून खाली शंभरात जेमतेम दोघी असतात.

डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार निदान-पुस्तिकेत सौम्य बोधनविकारासाठी (स्मृती, विचार, आकलन यांतील घट) एक ते दोन प्रमाण विचलने खाली आणि गंभीर बोधनविकारासाठी दोन किंवा अधिक विचलने खाली, असा साधारण संकेत आहे, आणि तुलना वय, शिक्षण व सांस्कृतिक पार्श्वभूमीला साजेशा गटाशीच व्हावी, अशी अपेक्षा आहे. काही अलीकडच्या मानकांत चौकटींऐवजी समीकरण दिलेले असते. त्यात वय व शिक्षणाची वर्षे घातली की अपेक्षित गुण मिळतात आणि प्रत्यक्ष गुणांशी त्यांचे अंतर मोजले जाते. वयाच्या सीमेवरची उडी त्यामुळे टळते. परंतु समीकरण ज्या वयापर्यंतच्या माणसांवरून बांधले असेल, त्यापलीकडच्या माणसाला ते लावू नये.

अनेक चाचण्या एकत्र घेतल्या असतील तर आणखी सावध राहावे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या घेतल्या आणि प्रत्येकीत खालच्या पाच टक्क्यांना ‘कमी’ म्हटले, तर निरोगी माणसालाही निदान एका चाचणीत कमी गुण पडण्याची शक्यता ६४ टक्के होते. प्रत्यक्षात चाचण्यांचा परस्परसंबंध असतो, म्हणून ती शक्यता इतकी नसते. पण एकुलत्या एका कमी गुणावरून घाबरण्याचे कारण नाही.

सातवी पायरी: कशासाठी समायोजन करू नये

जात आणि जमात यांसाठी कधीही करू नये. अमेरिकेत काही मानकांमध्ये वय, शिक्षण व लिंग यांबरोबर वंशही घातलेला होता. तेथील फुटबॉल लीगच्या निवृत्त खेळाडूंना मेंदूच्या दुखापतीची भरपाई देण्यासाठी झालेल्या तडजोडीत ही मानके वापरली गेली. त्यामुळे कृष्णवर्णीय खेळाडूची मूळ पातळीच खालची धरली जाई आणि सारखेच गुण मिळूनही त्याची घट ‘पुरेशी’ ठरत नसे. २०२० साली दोन माजी खेळाडूंनी दावा केला, २०२१ मध्ये लीगने ही पद्धत सोडण्याचे मान्य केले आणि २०२२ मध्ये न्यायालयाने बदलास मंजुरी दिली. आपल्याकडे गोंड किंवा कोलाम वृद्धाचे गुण कमी येत असतील, तर त्यामागची शाळा, भाषा आणि दारिद्र्य नोंदवावे. ‘त्या समाजात इतकेच गुण येतात’ असे म्हणून मोकळे होणे म्हणजे खऱ्या रुग्णाला उपचारापासून दूर ठेवणे होय.

लिंगाबाबत विचार करावा लागतो, कारण या पिढीत स्त्री असणे आणि शाळेत न जाणे या दोन गोष्टी बहुधा एकत्रच आढळतात. शिक्षण नीट नोंदवले असेल तर स्त्री-पुरुष फरकाचा मोठा भाग तेथेच हिशेबात येतो.

ऐकू कमी येणे, मोतीबिंदू, नैराश्य, बी-१२ ची कमतरता, थायरॉईडचे विकार, दारू, तापातील भ्रम, या गोष्टी समायोजनाच्या नव्हेत, उपचाराच्या आहेत. पूर्व विदर्भात सिकलसेलचाही विचार करावा, कारण त्या आजारात मेंदूत लक्षणांवाचून लहान झटके येऊन गेलेले असू शकतात आणि ते तरुण वयातही असतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर चाचणी तिच्यानंतर घ्यावी.

आठवी पायरी: घरच्यांना विचारणे

दैनंदिन वागण्यातील बदल घरच्यांकडून जाणून घेणे, हा शिक्षणाच्या परिणामातून सुटण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. विकसनशील देशांतील स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्या १०/६६ या संशोधक गटाच्या अभ्यासांत वापरलेली सीएसआय-डी ही पद्धत चाचणीचे गुण आणि घरच्या माणसाची मुलाखत एकत्र धरते. बल्लभगढच्याच प्रकल्पातून एव्हरीडे ॲबिलिटीज स्केल फॉर इंडिया ही प्रश्नावली आली, ती वाचता-लिहिता न येणाऱ्यांच्या रोजच्या व्यवहारावर आधारलेली आहे.

प्रश्न त्या माणसाच्या कामाशी जुळते हवेत. आयुष्यात चुलीजवळ न गेलेल्या आजोबांना स्वयंपाक जमतो काय, हे विचारून काही कळत नाही. बैलजोडी घेऊन शेतात गेले तर धुरा (शेताचा बांध) चुकतात काय, सोयाबीनचे पैसे मोजून घेतात काय, पोळ्याची तयारी आठवते काय, हे विचारावे. आजींबाबत भाजीत मीठ दोनदा पडते काय, आठवडी बाजारात सुट्टे पैसे नीट परत घेतात काय, रेशनच्या दुकानातून घरची वाट सापडते काय. तुलना इतर म्हाताऱ्यांशी न करता पाच वर्षांपूर्वीच्या त्याच माणसाशी करायला सांगावी. दिवसभर सोबत असणाऱ्या सुनेकडून जे कळते, ते दिवाळीला पुण्याहून येणाऱ्या मुलाकडून कळत नाही. पण सासरे बसलेले असताना सून बोलणार नाही, तेव्हा तिच्याशी वेगळे बोलण्याची सोय आशाताईंकडून करून घ्यावी. ‘म्हातारपणी असंच होते’ हे वाक्य ऐकून थांबू नये, ‘केव्हापासून’ हे विचारावे.

नववी पायरी: नोंद आणि पुन्हा तपासणी

अहवालात कच्चे गुण, चाचणीची आवृत्ती व भाषा, मानकांचे नाव, कोणता वयोगट व शिक्षणगट लावला, वय कशावरून ठरवले आणि समायोजित गुण, हे सारे यावे. ‘स्मृतिभ्रंश आहे’ किंवा ‘नाही’ असे लिहू नये. ‘याच वयाच्या व शिक्षणाच्या व्यक्तींच्या तुलनेत शब्द आठवण्याचे गुण अपेक्षेपेक्षा कमी, घरच्यांच्या मते दोन वर्षांपासून व्यवहारात बदल, पुढील तपासणीसाठी पाठवीत आहे’ असे लिहिणे पुरेसे आहे. गुण अपेक्षेइतके असूनही घरचे ठामपणे बदल सांगत असतील, तर त्या व्यक्तीलाही वर्धा-नागपूरकडील वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. गुरुजींसारख्या शिकलेल्या माणसाबाबत तर हे विशेष लागू पडते.

सहा महिने किंवा वर्षाने पुन्हा तपासताना तीच चाचणी घ्यावी आणि शब्दांच्या यादीची समांतर आवृत्ती असेल तर ती वापरावी, कारण सरावाने गुण थोडे वाढतात. या वेळी तुलना कच्च्या गुणांची करावी. पुन्हा कल्पित आकडे घेऊ: ६९ व्या वर्षी ५ शब्द आठवले, गटाची सरासरी ६ आणि विचलन १.५, म्हणून टी-गुण ४३. ७१ व्या वर्षी ४ शब्द आठवले, पण नव्या गटाची सरासरी ४.२ आणि विचलन १.६, म्हणून टी-गुण ४९. आठवणारे शब्द कमी झाले आणि टी-गुण मात्र वाढला. पहिल्या तपासणीचे कच्चे गुण कोणी लिहूनच ठेवले नसतील तर ही घट दिसणार नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात कर्मचाऱ्यांच्या बदल्या होतात, म्हणून नोंदीची एक प्रत केंद्राच्या फाइलबरोबर घरच्यांपाशीही, रेशनकार्ड ज्या पिशवीत असते त्या पिशवीत, ठेवायला सांगावी.